दिवसाढवळ्या ओढलेले पडदे

एडनाबाईंच्या घरात सकाळ व्हायची ती झाडूच्या आवाजाने. मी मागच्या खोलीत, दोन रजया आणि आईने विणलेली कानटोपी अशा थाटात पडलेली असायचे. अ‍ॅडलेडची थंडी रस्त्यापेक्षा घरात जास्त वाजते, हे तिथे भाड्याने राहिलेल्या माणसालाच पटेल. पुढच्या दाराशी खर्र खर्र, मग थोडी शांतता, मग बादलीत पिळलेल्या फडक्याचं पाणी. नव्वदी ओलांडलेली बाई, एक हात व्हरांड्याच्या खांबाला, दुसऱ्या हाताने पायरी झाडते आहे आणि मी विशीतली घोडी अंथरुणात लोळते आहे, याची मला पहिल्याच सकाळी लाज वाटली. उठून झाडू मागायला गेले तर त्यांनी तो चक्क पाठीमागे लपवला. "पायरी माझी," म्हणाल्या. "तू चहा कर, लव."

त्या सगळ्यांनाच लव म्हणायच्या. पोस्टमनला, मांजराला, टीव्हीवर रोज आकडे सांगायला येणाऱ्या त्या आरोग्यखात्याच्या बाईंनासुद्धा. इंग्लंडच्या उत्तरेतलं, कापडगिरण्यांच्या गावचं त्यांचं इंग्रजी पहिला आठवडाभर अर्धंअधिक माझ्या डोक्यावरून गेलं. आता इतक्या वर्षांनी मात्र त्यांची वाक्यं मला मराठीतूनच आठवतात, त्याला माझा इलाज नाही. समोर मी त्यांना एडना म्हणायचे, कारण तसं म्हण अशी त्यांचीच आज्ञा होती. पण पुण्यात वाढलेल्या जिभेला ते पचत नसे, म्हणून मनातल्या मनात कायम एडनाबाई.

मी त्यांच्याकडे आले ती महामारीने आणून सोडली म्हणून. मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत शिकत होते, संध्याकाळी एका रेस्टॉरंटमध्ये शिफ्टला जात होते. रेस्टॉरंट बंद झालं, फ्लॅटमधल्या दोघीजणी बॉर्डर बंद व्हायच्या आत घरी पळाल्या, आणि मी एकटी त्या फ्लॅटचं भाडं बघत बसले. तेवढ्यात गौरीने, म्हणजे माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने, कॉलिन नावाच्या गृहस्थांची जाहिरात दाखवली. त्यांची आई, म्हणजे एडनाबाई, ट्रेनने काही स्टेशनं पुढे सॉल्सबरीला एकटी राहत होती. कॉलिन बसड्रायव्हर. दिवसभर शंभर माणसांत वावरणार, आईला संसर्ग नको म्हणून तिच्या घरात पाऊल टाकत नव्हते. घरात कुणीतरी सोबतीला हवं होतं, बदल्यात खोली. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी घाबरली.

"एवढ्या म्हाताऱ्या बाईबरोबर? काही झालं म्हणजे तुझ्यावर येईल हं, अश्विनी."

"आई, मला राहायला जागा नाहीये."

"मग राहा. आणि त्यांना मऊ भात करून घालत जा."

मऊ भात त्यांना आवडला. वरण म्हणजे एक प्रकारचं सूप आहे असं त्यांनी ठरवून टाकलं आणि वर मिरपूड घालून त्या ते चमच्याने प्यायच्या. त्यांच्या चहावर लोकरीची टोपी असायची, किटलीच्या मापाची, शेंड्याला गोंडा. रेडिओ सकाळपासून स्वयंपाकघरात कुजबुजत असे. बाहेर मॅगपाय पक्षी नरड्यात पाणी धरून गुळण्या केल्यासारखे गात. दर रविवारी कॉलिन यायचे आणि पुढच्या खिडकीबाहेर बागेतली खुर्ची ओढून बसायचे. काचेच्या आत आई, बाहेर मुलगा, दोघांच्या हातात चहाचे कप आणि दोघांच्या कानाला फोन. मला ते पहिल्यांदा बघवेना. एडनाबाईंना त्याचं काहीच नवल वाटत नव्हतं. "आम्ही विल्फला असंच बघायचो," त्या म्हणाल्या. विल्फ कोण, हे मात्र लगेच सांगितलं नाही.

त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी असल्या तुकड्यातुकड्यांनीच यायच्या, भाजी निवडता निवडता. दोन महायुद्धांच्या मधली वर्षं. शाळेच्या पुस्तकात मी ती 'जागतिक मंदी' अशा एका धड्यात उरकली होती. एडनाबाईंच्या तोंडी त्यात मंदी फारशी नसे. असे तो पहाटे लांब काठीने वरच्या मजल्याच्या काचा टकटकवून गिरणीकामगारांना उठवणारा माणूस, आणि मग दगडी रस्त्यावरून लाकडी तळव्यांच्या बुटांचा असा गलका की वाटावं अख्खं गाव चाललं आहे. सोमवारी सगळ्या गल्लीचं धुणं. शुक्रवारी शेगडीपुढे पत्र्याचा टब, आधी वडील, मग मुलं, पाणी तेच. मांस भाजताना गळलेली चरबी थिजवून पावाला फासायची, वर मीठ. हे ऐकून मी तोंड वाकडं केलं की त्या खूश व्हायच्या. "गिरणी बंद असायची तेव्हा तेच जेवण," त्या म्हणायच्या, "आणि तुझं ते पिवळं पीठ काय फार राजेशाही आहे?" पिवळं पीठ म्हणजे पिठलं.

पायरीचं रहस्यही त्यातच कळलं. गल्लीतली प्रत्येक बाई रोज आपली पायरी घासून तिच्या कडेला एका मऊ दगडाने पांढरी रेघ ओढायची. तो दगड विकत मिळत नसे. जुने कपडे गोळा करणारा हातगाडीवाला यायचा, चिंध्या घ्यायचा आणि बदल्यात दगड द्यायचा. हे ऐकून मी उडालेच. आमच्या धनकवडीच्या सोसायटीत बोहारीण यायची, आई जुन्या साड्या देऊन पातेली घ्यायची आणि अर्धा तास घासाघीस करायची. मी ते त्यांना साभिनय करून दाखवलं. एडनाबाई हसून हसून खोकल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे तुझी आई आमच्या गल्लीत चालली असती." मला त्या बाईंनी आजवर दिलेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक ते हेच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी घोटाळा केला. पुढच्या खोलीत इंटरनेट बरं चाले, म्हणून ऑनलाइन लेक्चरला मी तिथे बसायचे. त्या दिवशी सकाळचं ऊन थेट स्क्रीनवर येत होतं. मी उठून रस्त्याकडचे पडदे ओढले आणि पुन्हा बसले. कुठलाही मराठी माणूस उन्हाच्या तिरिपीला हेच करेल. एडनाबाई मागच्या अंगणात होत्या. वॉकर ढकलत त्या दारात आल्या, पडदे पाहिले आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. चेहऱ्याचा रंग गेला होता.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं. "कॉलिन?"

"नाही, नाही. ऊन येत होतं फक्त."

त्या खुर्चीत बसल्या. मी धावत जाऊन पडदे सरकवले, पाणी आणलं. पाणी नको म्हणाल्या, चहा घेतला आणि मग विल्फबद्दल सांगितलं.

विल्फ हा त्यांचा मोठा भाऊ. त्याला घटसर्प झाला. साथीच्या तापांच्या इस्पितळाची गाडी आली आणि घोंगडीत गुंडाळून त्याला घेऊन गेली. आईवडिलांना आत जाऊ देत नसत. सगळं कुटुंब इस्पितळाच्या बागेत उभं राहून खिडकीतून त्याला बघायचं, तो आतून हात हलवायचा. एक दिवस छोटी एडना शाळेतून परत आली. भर दुपार होती, आणि गल्लीतल्या एकूण एक घराच्या पुढच्या खिडकीचे पडदे ओढलेले होते. दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्याकडची ती रीतच होती. गल्लीत कुणी गेलं की सगळ्यांनी पडदे ओढायचे, आणि अंत्ययात्रा जाईपर्यंत उघडायचे नाहीत. त्यामागून कुणी डोकावून बघायचंही नाही. "आईने मला सांगितलं नाही," एडनाबाई म्हणाल्या, "टीचरने सांगितलं नाही. रस्त्याने सांगितलं. मी आमच्या दारापर्यंत चालत गेले तेव्हा मला सगळं माहीत झालं होतं. आणि एक सांगू का, लव? मला एकटीलाच माहीत होतं असं नव्हतं ना. सगळ्यांना माहीत होतं. त्याचा फार आधार वाटला."

मी आमच्या सोसायटीचं सांगितलं. कुणाकडे वाईट घडलं की सगळ्या मजल्यांवरचे टीव्ही बंद होतात, आणि शेजारचे पिठलं-भात करून नेऊन देतात, कारण त्या घरात चूल पेटत नाही. त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडे नंतर उकडलेला हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस असायचं, पातळ चकत्या, आणि एक बाई अंत्ययात्रेला न जाता तो कापायला घरी थांबायची.

त्या दिवसापासून एडनाबाईंचं एकच चालू झालं. हृदय थकलं आहे हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं, त्याबद्दल त्या हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या. टीव्हीवर सांगत होते, अंत्यसंस्काराला मोजकीच माणसं. "मला माणसं नकोत," त्या म्हणाल्या. "होती ती गेली. मला पडदे हवेत. मी गेले हे रस्त्याला कळायला पाहिजे." त्यांनी कॉलिनना खिडकीतून सांगून पाहिलं. फोनवर त्यांचं उत्तर मलाही ऐकू आलं. "मम, इथे कोण करतं असलं काही? आणि अर्ध्या घरांना तर शटर आहेत."

ते खरं होतं. त्या भागात जवळजवळ प्रत्येक खिडकीला बाहेरून पत्र्याचं शटर असतं, दुकानाला असावं तसं. उन्हासाठी, चोरांसाठी, आणि मला वाटतं थोडं सवयीसाठी. दुपार कलली की आतून पट्टा सोडायचा की ते खडखडत खाली येतं. रोज संध्याकाळी ती खडखड गल्लीभर ऐकू यायची आणि एडनाबाई रोज नाक मुरडायच्या. "आम्ही फक्त मेलेल्या माणसासाठी बंद करायचो. ही मंडळी सगळ्यासाठीच करतात. मग माझ्यासाठी केलं हे कळणार कसं?" एकदा अशाच, लव सोडून अश्विनीचं अ‍ॅश करत, त्या म्हणाल्या, "तू बघशील ना, अ‍ॅश?" मी बटाटे सोलत होते. "हो हो," म्हणाले. आपण म्हणतो ना तसं, दोनदा.

हिवाळा सरता सरता, एका सकाळी झाडूचा आवाज आला आणि मध्येच थांबला. मी फडक्याच्या पाण्याची वाट बघत पडून राहिले. ते आलं नाही, म्हणून उठले. त्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेल्या होत्या, झाडू मांडीवर आडवा. पायरी अर्धी झाडून झाली होती. अँब्युलन्सवाले आले, फार सौम्यपणे बोलले, आणि कॉलिन पहिल्यांदाच खिडकी सोडून घरात आले. त्यांनी आईचा हात धरला आणि मास्कमधूनच मोठ्याने रडले. मी तोवर रडले नव्हते. त्यांच्याकडे बघून मला आवरेना.

संध्याकाळी आईला फोन केला. वाटलं होतं ती म्हणेल, आता दुसरी जागा बघ. ती म्हणाली, "त्यांना हो म्हणाली होतीस ना? मग कर."

"आई, मी इथे कोणाला ओळखतसुद्धा नाही."

"त्या तरी कुठे ओळखत होत्या? पण पायरी झाडत होत्या ना रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

गौरीचं मत वेगळं होतं. "तू वेडी आहेस का? या दिवसांत डोअर टू डोअर जाणार? आपले चेहरे बघ. कोणीतरी रिपोर्ट करेल गं." तिचं चूक नव्हतं. त्या दिवसांत दार वाजवणाऱ्याकडे लोक सापाकडे बघावं तसं बघायचे. मी स्वभावाने भित्री. दुकानात सुटे पैसे कमी आले तरी मागायला लाजणारी. पण दुसऱ्या दिवशी मास्क लावून मी समोरच्या घराची बेल वाजवली, वाजवून चार पावलं मागे जाऊन उभी राहिले आणि मनात म्हटलं, दार नाही उघडलं तर बरं.

जाळीच्या दाराआड एक दांडगा माणूस आला, मागे कुत्रा. हे टोनी, पूर्वी मोटारींच्या कारखान्यात होते. तो कारखाना बंद होऊन काही वर्षं झाली होती.

"नॉट इंटरेस्टेड, मेट."

"मी काही विकत नाहीये," मी म्हणाले. "समोरच्या एडना गेल्या."

"कोण एडना?"

मला काय सांगावं सुचेना. मी हाताने झाडायची खूण केली.

टोनींनी जाळीचं दार उघडलं. "ती झाडूवाली म्हातारी? गेली?" त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पायरीकडे बघितलं. "मी कामावर जायचो तेव्हापासून बघतोय तिला. आज सकाळी दिसली नाही, मी बायकोला म्हटलंसुद्धा."

मी रीत समजावून सांगितली. गुरुवारी सकाळी शवपेटीची गाडी त्यांना घेऊन या रस्त्यावरून जाईल, तेव्हा पुढची खिडकी बंद ठेवायची. ते डोकं खाजवत म्हणाले, "पण आमचं तर बंदच असतं." तेव्हा मला एकदम उलगडलं. "मग त्या दिवशी आधी उघडा," मी म्हणाले. "सकाळी लवकर उघडा. आणि अकराच्या सुमाराला बंद करा." त्यांनी कुत्र्याला पायाने मागे सारलं. मग म्हणाले, "नो वरीज."

ऑस्ट्रेलियात इतकी वर्षं काढूनही मला या दोन शब्दांचा थांग लागलेला नाही. आपल्या 'बघू'सारखेच आहेत ते, त्यात हो असतं किंवा काहीच नसतं. मी त्या दिवशी दारोदार फिरून नो वरीजची झोळी भरून आणली. काही दारं उघडलीच नाहीत. एका घरातल्या मुलाने आतून ओरडून आईला सांगितलं, "मम, समवन्स डेड बट इट्स नॉट अस." टोकाच्या घरातल्या नेपाळी भाभी माझं निम्मं ऐकून हिंदीत म्हणाल्या, "अरे, वो दादी? मेरे बच्चों को रोज हाथ हिलाती थी. हो जाएगा, बहन." तेवढं एक पक्कं वाटलं. घरी आल्यावर मला एडनाबाईंवरच राग आला. एवढं साधं मागणं, आणि तेही अशा गल्लीत की जिथे ते पुरं झालं की नाही हे कळायची सोय नाही.

गुरुवारी कॉलिन काळ्या कोटात आले. मी जाणार नाही, घरी थांबणार, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. हॅम कापायला कुणीतरी हवं. गाडी या रस्त्याने न्यायला त्यांनी सांगितलं होतं, पण माझ्या दारोदार फिरण्याबद्दल ते एवढंच म्हणाले, "तू प्रयत्न केलास, थँक यू. पण मनाला लावून घेऊ नकोस." त्या बोलण्यात त्यांनी स्वतःच्या मनाची तयारी केलेली मला दिसत होती.

ते गेल्यावर मी पायरी झाडली, फडक्याने पुसली. समोर बघितलं नाही. आत येऊन पुढच्या खोलीचे पडदे ओढले, आणि त्या अर्ध्या अंधारात टेबलाशी हॅम घेऊन बसले. जन्मात मांस हातात धरलं नव्हतं. सुरीला चकत्या पातळ येईनात. आत गॅसवर पिठलं रटरटत होतं, कारण या घरातल्या माणसाला पिठलं-भाताशिवाय नुसत्या हॅमवर ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. घड्याळ पुढे सरकत होतं आणि बाहेर नुसते मॅगपाय. पडद्याची कड मी एकदा चिमटीत धरलीसुद्धा. मग आठवलं, डोकावायचं नसतं. हात खाली घेतला. म्हणजे हेही आलंच, की ज्या गोष्टीसाठी मी जीव काढला ती मला दिसणार नव्हती.

आणि मग समोरून खडखड झाली. संध्याकाळची ती ओळखीची खडखड, भर सकाळी. जुना पत्रा, अडकत अडकत, पार तळापर्यंत. टोनींचं शटर. मी सुरी खाली ठेवली. तेवढ्यात त्यांच्या शेजारचं. मग आमच्या बाजूचं एक, मोटरवर चालणारं, गुणगुणत. मग लांबून, रस्त्याच्या त्या टोकाकडून, एक, आणखी एक, एकमेकांत मिसळत. मला मोजता आलं नाही, मोजावंसं वाटलंही नाही. ज्यांना शटर नव्हती त्यांचे पडदे कसे ऐकू येणार? नेपाळी भाभींचा पडदा मी ऐकला नाही, पण तो ओढलेला होता हे मी कुठल्याही देवासमोर सांगेन. मग सगळं शांत झालं. एक जड गाडी अगदी सावकाश आमच्या दारावरून गेली, क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि पुढे गेली.

कॉलिन परत आले ते पुढच्या दाराने. कोट न काढता टेबलाशी बसले. मी पुढ्यात हॅमच्या जाडजूड चकत्या ठेवल्या, शेजारी पिठलं-भात. त्यांनी दोन्ही एकत्र कालवून खाल्लं, एडनाबाईंनी बघितलं असतं तर काहीतरी बोलल्या असत्या.

"मी गाडीतून बघत होतो," ताट संपल्यावर ते म्हणाले. "मला वाटलं होतं, एकही खिडकी बंद नसेल, ते बघायला नको म्हणून डोळे मिटून घ्यावेत. मी ड्रायव्हरला म्हटलं, हळू चालव. अजून हळू. तिला बघू दे."